नावानिशी उपकार

सोजरबाईंनी माझ्याबद्दल देवाचे पहिले उपकार मानले, ते माझ्या हातून पिठलं करपलं म्हणून.

मी बी. ए. होऊन मिशनच्या शाळेवर नुकताच रुजू झालो होतो. गाव मिरजगावपासून चालत तासाभरावर. महायुद्ध चालू होतं, रॉकेल मिळत नव्हतं, आणि बी. ए. नावाचा माणूस कसा असतो हे त्या गावाने पाहिलं नव्हतं. आमच्या घरानेही पाहिलं नव्हतं. माझे वडील सहीच्या जागी अंगठा उठवत. मला मिशनच्या बोर्डिंगने वाढवलं, मिशनच्या भाकरीवर मी शिकलो, आणि त्याबद्दलची कृतज्ञता माझ्या बोलण्यातून इतकी सांडत असे, की ऐकणाऱ्याला पाय वर घेऊन बसावं लागे.

कंपाउंडात माझ्या खोलीला लागून सोजरबाईंची खोली होती. पहिल्याच संध्याकाळी धूर बघून त्या माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मास्तर, करपलं."

"हो."

"बीए म्हंजी किती यत्ता वो?"

"मॅट्रिकनंतर चार वर्षं."

"आनि त्यात चूल कुठंच न्हवती?"

सोजरबाईंनी तिथेच उंबऱ्याबाहेर डोळे मिटले, हात जोडले आणि देवाशी बोलू लागल्या. "प्रभू, आज शेजारी बीए धाडलास, आनि त्याला चूल पेटवता येत न्हाई. तुझे उपकार. आजवर कंपाउंडात मीच येकली अडानी हुते. आमेन." मग घरात जाऊन त्यांनी दोन भाकरी आणि लसणाची चटणी आणून दिली.

ही आपली थट्टा चालली आहे असं मला वाटलं. ती थट्टा होतीच, पण ती प्रार्थनाही होती, आणि दोन्ही एका श्वासात करता येतात हे कुठल्याही कॉलेजात शिकवत नाहीत.

सोजरबाई मिशनच्या बायबलबाई होत्या. म्हणजे खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत पुस्तक, आणि रोज सकाळी एका वस्तीवर जाऊन तिथल्या बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने वाळलेल्या, चाल मात्र अशी, की सोबत निघालेला माणूस थोड्या वेळाने मागून येत असे. वस्त्या सगळ्या शेतकऱ्यांच्या. बायका सोजरबाईंना अंगणात बसवत, आत घेत नसत. सोजरबाई अंगणात बसत, आणि घरातलं सगळं तिथूनच त्यांना कळे.

एकदा सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. बायका भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. सोजरबाईंनी वाचून संपवलं तशी त्यांतली एक, भागूबाई नावाची, म्हणाली, "व्हय गं सोजरे, गेल्या साली पाऊस पडला न्हाई, तवा तुझा देव कुठं गेल्ता?"

"तुझ्या देवाशेजारीच बसल्याला. दोगं येकमेकाच्या तोंडाकडं बघत हुते."

बायका खोखो हसल्या. धर्मप्रसाराच्या दृष्टीने हे उत्तर कितपत योग्य, अशी मला फार काळजी लागली. परतताना मी तसं बोलूनही दाखवलं. सोजरबाई म्हणाल्या, "मास्तर, ती पुढच्या शनवारी परत इचारंल. तुमी योग्य उत्तर दिलं असतं, तर तिनं परत इचारलं नसतं." भागूबाईने पुढच्या शनिवारी परत विचारलं, असं नंतर कळलं.

आमच्या देवळाचे, म्हणजे चर्चचे, पाळकसाहेब दुःख या विषयावर फार सुंदर बोलत. त्यांचा बंगला मंगलोरी कौलांचा होता, विहीर अंगणात होती, त्यामुळे दुःखाकडे त्यांना जरा अंतरावरून, म्हणजे नीट पाहता येई. संकटाने माणूस शुद्ध होतो, यावर ते तास तास बोलत. त्या तासाभरात आम्ही बरेच शुद्ध होत असू.

दर बुधवारी दिवेलागणीला उपकाराची सभा असे. एकेकाने उभं राहायचं आणि देवाने आठवड्यात काय दिलं, याची साक्ष द्यायची. या साक्षी ऐकून ऐकून मला पाठ झाल्या होत्या. 'प्रभूने अनेक आशीर्वाद दिले.' 'प्रभूची दया अपार आहे.' मीही असंच काहीतरी म्हणत असे, फक्त जरा शुद्ध भाषेत. एकदा आमचे हेडमास्तर उभे राहिले आणि म्हणाले, "या आठवड्यात प्रभूने माझ्यावर अगणित उपकार केले."

मागून आवाज आला, "दोन सांगा."

हेडमास्तर गडबडले. त्यांनी कडेच्या खिडकीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि "वेळेअभावी" असं म्हणून खाली बसले.

मग सोजरबाई उभ्या राहिल्या. "कंट्रोलच्या ज्वारीत खडे आले. प्रभू, तुझे उपकार. माझे तीन दात उरल्यात, त्यास्नी अजून खडा कळतो हे आज समजलं. परवा खोली गळाली. तुझे उपकार. ढेकनं वाहून गेली. गेल्या रविवारी पाळकसाहेब दीड तास बोलले. तुझे उपकार. माझी झोप राहिली हुती, ती झाली."

पाळकसाहेब अशा वेळी क्षमाशील हसत. ते हसणं त्यांना चांगलं जमत असे, कारण सोजरबाई गावात आल्यापासून दर बुधवारी त्याचा सराव होता.

शेवटी मी त्यांना विचारलंच. "बाई, तुम्ही देवाचे आभार मानता की त्याला टोमणे मारता?"

त्या सुपात ज्वारी निवडत बसल्या होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मास्तर, माजा नवरा पयल्या लढाईत बसऱ्याला गेला. त्याचा कागुद आला, तो न्हाई आला. मग साथ आली, तिच्यात येका आठवड्यात दोन पोरं गेली. तवाचे पाळक भेटाया आले. म्हनले, सर्व गोष्टींबद्दल उपकार मान. म्या म्हनलं, नावं सांगा. ते म्हनले, सर्व. म्या म्हनलं, पोरं धरून का सोडून? ते उठून गेले. छत्री इसरून गेले."

"मग?"

"मग काय, मीच बसले हुडकीत. लई दिस काय घावंना. येक दिस सकाळी भूक लागली. त्याच्या आदी भूक बी मेली हुती. म्हनलं, हे घे. भूक लागली, तुझे उपकार. दुसऱ्या दिशी दुसरं घावलं. मग म्या नेमच केला. रोज येक, नाव घिऊन. आनि काल मानल्याला आज चालायचा न्हाई."

"तेव्हापासून रोज नवा? वीस-पंचवीस वर्षं?"

"व्हय. चांगलं चांगलं पयल्या दोन वर्सातच सपलं, मास्तर. मग काय करता? ढेकनं, खडे, पाळक, असं येकेक घ्यावं लागलं."

त्या रात्री मी हा नेम धरला. अकराव्या दिवशी माझा साठा संपला. चार वर्षं तर्कशास्त्र शिकलेला मी, आणि माझ्या आयुष्यात नाव घेण्यासारख्या दहाच गोष्टी निघाल्या. त्यांतल्या चार पुस्तकं होती.

त्यांच्या डोळ्यांचं मला कळलं ते माझ्या दुसऱ्या उन्हाळ्यात. दुपारी मी पायांतल्या वहाणा काढून त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो. मांडीवर पुस्तक उघडं ठेवून त्या मोठ्याने वाचत होत्या. मी गप्प ऐकत होतो. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं, की तीन पानांचा मजकूर होऊन गेला आणि पान काही उलटलं नाही.

"बाई, पान उलटायचं राहिलं."

त्या थबकल्या. मग म्हणाल्या, "कळलं व्हय? बीए अगदीच फुकट न्हाई गेलं म्हनायचं."

नगरला दाखवून झालं होतं. काचबिंदू होता, आणि गेलेली नजर परत येत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आता नुसत्या सावल्या दिसत. "मानूस आलं का झाड आलं, येवडंच कळतं. त्यातलं बोलत न्हाई ते झाड." वस्त्यांच्या वाटा पायांना पाठ होत्या आणि शास्त्राचा मोठा भाग तोंडपाठ होता. पुस्तक उघडून मांडीवर ठेवलं की काम भागत असे.

"पण हे खोटं नाही का, बाई?" मी विचारलं. मी अशा गोष्टी विचारत असे.

"वाचती असं म्या कुनाला सांगितलं? पुस्तक मांडीवर ठिवते. ठिवू नये असं त्यात कुठं लिवलंय? पाळकसाहेब बी कागुद हातात धरून बोलत्यात. डोळे हुते तवा म्या बघितलाय तो. कोरा असतो."

पण त्यांचा आवाज लगेच उतरला. "मास्तर, हे भाईर गेलं तर काम जाईल. खोली कामाची हाय, ती बी जाईल. त्याचं न्हाई येवडं. पर वस्त्या गेल्या तर मी काय करू? कर्जतला पुतन्या हाय. त्याच्या ओसरीवर बसायचं आनि कोन आलं कोन गेलं इचारायचं. त्यापरीस ती साथ बरी हुती."

सोजरबाईंच्या तोंडून टोमण्याशिवाय आलेलं हे मी ऐकलेलं पहिलं बोलणं.

अडचण एकच होती. दर वर्षी थंडीत नगरहून मिशनच्या गोऱ्या मिसबाई येत आणि सगळ्या बायबलबायांची परीक्षा घेत. त्यासाठी शास्त्रातला नवा भाग नेमून देत. तो वाचून दाखवायचा आणि त्याचा अर्थ सांगायचा. त्या वर्षी एक लांबलचक स्तोत्र नेमलं होतं, आणि ते सोजरबाईंना पाठ नव्हतं.

मग रोज सकाळी शाळेआधी त्या भाकरी थापत आणि मी त्यांना स्तोत्र वाचून दाखवत असे. एकदा ऐकलेलं त्यांना दुसऱ्यांदा ऐकावं लागत नसे. पान कुठे उलटायचं ते कळावं, म्हणून मी त्यांच्या पुस्तकात कडेला दोरा चिकटवून दिला. कामात मी इतका चोख होतो, की आपण एका फसवणुकीत सामील आहोत हे मला आठवणीने आठवावं लागे.

परीक्षा देवळातच झाली. आसपासच्या गावांतून पाच बायबलबाया आल्या होत्या. सतरंजीवर त्या, खुर्चीवर मिसबाई, शेजारी पाळकसाहेब, आणि गुण लिहायला मी. मिसबाई आमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलत. परक्या मुलखातून येऊन त्यांनी ती कष्टाने मिळवली होती, आणि आम्ही ती जन्मतःच मिळाल्यामुळे बिघडवत होतो, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटे. बाई वाईट नव्हत्या, फक्त अचूक होत्या.

सोजरबाई वाचू लागल्या. अडखळणं नाही, घाई नाही. दोऱ्याला बोट लागताच पान उलटलं. दुसऱ्या बाया कौतुकाने बघत होत्या.

"थांबा," मिसबाई म्हणाल्या. "दोन ओळी राहिल्या. पुन्हा वाचा."

सोजरबाईंनी पुन्हा वाचलं. त्याच दोन ओळी पुन्हा राहिल्या, आणि माझ्या हातातला टाक तिथेच थांबला. एका सकाळी शाळेची घंटा झाली म्हणून मी घाईघाईने वाचलं होतं आणि दोन ओळी माझ्या नजरेतून निसटल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू केलं. मी गाळलं तेवढंच त्यांच्या शास्त्रातून गळालं होतं.

मिसबाई खुर्चीवरून उठल्या, सोजरबाईंजवळ खाली बसल्या आणि त्यांच्या पुस्तकातल्या ओळीवर स्वतःचं बोट ठेवलं. "हे पाहा. इथे. हे वाचा."

"मिसबाई, बोट बाजूला घ्या की," सोजरबाई म्हणाल्या. "अक्षर झाकतंय."

बाया हसल्या. मिसबाईही किंचित हसल्या आणि त्यांनी बोट काढून घेतलं. सोजरबाई पुस्तकाकडे तोंड करून तशाच बसल्या होत्या. मग त्यांनी हळूच विचारलं, "घेतलं का?"

त्यानंतर कुणाला काही विचारावं लागलं नाही.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. ओळी मी गाळल्या, मिसबाईंना मी सांगतो, असं बरंच काही बोललो.

"मला दुसऱ्यांदा वाचतानाच कळलं," त्या म्हणाल्या. "पर चोरून शिकवनाऱ्या मास्तराचं नाव फोडायचं नसतं. आनि तुमी सांगून काय व्हनार? मला दिसाया लागंल? गप बसा. भाकरी खानार का?"

मी खाल्ली. मला नको होती, पण त्यांना नाही म्हणायची माझी छाती नव्हती.

मिशनची कमिटी तीन तास बसली. आत दोनदा चहा गेला. निर्णय गुप्त होता, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तो सगळ्या कंपाउंडाला ठाऊक झाला. महिनाअखेर सोजरबाईंना निवृत्त करायचं आणि खोली नव्या बायबलबाईला द्यायची.

त्या बुधवारी सभेला देऊळ भरलं होतं. हेडमास्तरांच्या पत्नी गुडघे धरल्यामुळे दोन वर्षांत सभेला आल्या नव्हत्या. त्यांचे गुडघे त्या दिवशी सुटले. सगळ्यांना सोजरबाई काय म्हणतात ते ऐकायचं होतं, आणि त्यांच्याबद्दल सहानुभूतीही वाटून घ्यायची होती.

सोजरबाई उभ्या राहिल्या. "प्रभू, मिसबाईंची नजर लई तेज केलीस. दोन वळी बी सुटत न्हाईत. तुझे उपकार. कमिटी माझ्यासाठी तीन तास बसली. साथीत बी कुनी माझ्यासाठी येवडं बसलं न्हवतं. तुझे उपकार."

लोक माना खाली घालून हसले. मी माझ्या नावाची वाट बघत होतो. ते आलं नाही. सोजरबाई बोलायच्या थांबल्या, पण खाली बसल्या नाहीत. कंदिलाकडे तोंड करून नुसत्या उभ्या. बराच वेळ गेला. पाळकसाहेबांनी समजूतदारपणे गीतांचं पुस्तक उघडलं. पानांचा आवाज सोजरबाईंना ऐकू गेला.

"थांबा पाळकसाहेब. हुडकतीय."

पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं.

"डोळ्यांचं राहून गेलं हुतं," त्या म्हणाल्या, आणि हे आमच्याशी नव्हतं. "इतकी वर्सं रोज येक मानला. ढेकनं झाली, खडे झाले, आनि डोळे राह्यलेच. दिसत हुतं तवा ध्यानातच आलं न्हाई. पन्नास वर्सं चालले, प्रभू. पोरांची तोंडं बघितली त्यांनी." इथे त्या पुन्हा थांबल्या. "पोरांचं बी कदी मानलं न्हाई म्या. रागानं न्हाई मानलं. तुला ठाव हाय. येक सात वर्सं हुतं, येक चार. हुती ती माझ्याजवळ. तुझे उपकार."

मग पदर सारखा करून म्हणाल्या, "आज राह्यल्याले दोन झाले. उद्याचं उद्या बघू. आमेन."

त्या बसल्या. पाळकसाहेबांनी गीताचा क्रमांक सांगितला, पण ते कुणीच सुरू करेना. दुःखावर तास तास बोलणाऱ्या पाळकसाहेबांनी त्या संध्याकाळी प्रवचन केलं नाही. तेवढं एक त्यांच्या नावावर मी आजही जमा धरतो.

शनिवारी त्यांनी मला बंगल्यावर बोलावलं आणि एक लांब पाकीट हातात दिलं. नगरहून आलेलं निवृत्तीचं पत्र होतं. ते इंग्रजीत टाइप केलेलं होतं, कारण सोजरबाईंच्या दीर्घ आणि विश्वासू सेवेबद्दलची भावना मराठीत व्यक्त होण्यासारखी नसावी.

"मास्तर, तुमचं त्यांच्याशी बरं आहे. तुम्हीच वाचून दाखवा. त्यांना कळलं, एवढं मला येऊन सांगा, म्हणजे खोलीचं पुढचं बघता येईल."

सोजरबाई दाराला कडी घालत होत्या. खांद्याला पिशवी होती.

"सलाम बाई. तुमचं पत्र आहे."

"कुनाच्या नावानं हाय?"

"तुमच्याच."

"मग तुमी कशाला वाचता दुसऱ्याचं पत्र? द्या हिकडं. मी वाचीन सवडीनं." त्यांनी हात पुढे केला, पाकीट बोटांनी चाचपून पाहिलं आणि पिशवीत टाकलं. "आता भागूबाईच्या वस्तीवर निगालीय. बाया खोळंबल्या असत्याल. उन्हं चढायच्या आत गेलेलं बरं."

मी पाळकसाहेबांना जाऊन सांगितलं, की पत्र दिलं.

"वाचलं त्यांनी?"

"सवडीनं वाचते म्हणाल्या."

पाळकसाहेब माझ्याकडे बघत राहिले. वाचता येत नाही म्हणून जिला काढलं, तिने पत्र वाचलं नाही अशी तक्रार नगरला कशी कळवायची, हे त्यांना सुचेना. स्वतः जाऊन तोंडावर सांगायचं, तर ते त्यांनी सोजरबाईंच्या बाबतीत कधीच केलं नव्हतं. त्यांनी थोडे दिवस थांबायचं ठरवलं. पगार बंद झाला, पण खोलीकडे कुणी फिरकलं नाही. तिला पावसात गळायची सवय होती हेही त्यामागे असेल. भागूबाईच्या आणि इतर वस्त्यांवरच्या बाया ओंजळ ओंजळ ज्वारी पिशवीत घालत, आणि ती पिशवी रोज बाहेर जात असे.

मी त्या गावात आणखी अडीच वर्षं काढली. मग माझी नगरच्या हायस्कुलात बदली झाली. जायच्या दिवशी सकाळी मी दार वाजवलं, पण बाई निघून गेल्या होत्या. कोळशावर चालणारी मोटार धूर सोडत मिरजगावहून निघाली आणि ओढ्याच्या चढावर धाप लागून थांबली. ड्रायव्हर उतरून कोळसा ढोसू लागला. डावीकडच्या बांधावरून सोजरबाई चालल्या होत्या. हातात काठी होती, पण ती जमिनीला लावायचं त्यांना सुचत नव्हतं. खांद्याला तीच पिशवी.

"बाई!" मी खिडकीतून हाक मारली. "मी चाललो!"

त्या थांबल्या आणि आवाजाच्या दिशेला वळल्या. "कोन, मास्तर? मोटार बंद पडली वाटतं. उतरून ढकला की, बीए हाय तुमी!"

"बाई, ते पत्र वाचलंत का?"

"कुठं वो," त्या ओरडून म्हणाल्या, "सवडच झाली न्हाई!"

आणि वस्तीच्या दिशेने झपाझप निघाल्या.